धाकटीचे वाक्य

“ताई, फोनवर मी काय बोलले?”

दारात उभ्या उभ्याच धाकटीने विचारले. चपला अजून पायातच होत्या, थोरलीने सकाळी हौसेने इस्त्री करून दिलेला कुर्ता घामाने पाठीला चिकटला होता, आणि एरवी एवढेसे वाक्य बोलताना जी मुलगी दोन-तीनदा अडखळली असती, तिने ते एका दमात उच्चारले होते... वाटभर तिने तेच घोकले असणार! थोरलीने हातातले पातेले कसेबसे ओट्यावर टेकवले.

आई गेली तेव्हा धाकटी नुकतीच बोलू लागली होती, आणि बोलू लागली तीच अडखळत. थोरलीने कॉलेजला रामराम ठोकला आणि घर अंगावर घेतले. काय हवे ते दुकानदाराला, कुठे दुखते ते डॉक्टरांना, उत्तर येते की नाही ते शाळेतल्या बाईंना... धाकटीने नुसते “मला” म्हणावे आणि पुढचे थोरलीने सांगून मोकळे व्हावे! त्यात तिला कधी काही वावगे वाटले नाही. उलट त्या पोरक्या जिवावरचे तिचे सगळे वात्सल्य त्या पुऱ्या केलेल्या वाक्यांतच साठले होते. तिला स्वतःला स्थळे आली आणि गेली. मी गेले तर हिच्या वतीने बोलणार कोण, एवढाच विचार करून तिने प्रत्येक वेळी नकाराची मान हलवली होती.

चष्म्याची भिंगे घासून चौकटीत बसवायचे शिक्षण धाकटीने पहिला नंबर काढून पुरे केले. तिच्या हातात कसब होते, पण हाताला विचारतो कोण? एके ठिकाणी अनुभव नाही म्हणून नकार मिळाला. नोकरीवाचून अनुभव कुठे विकत मिळतो, ते मात्र कोणी सांगेना. दुसरीकडे ‘स्वतःबद्दल सांगा’ म्हणताच तिचे ओठ जे मिटले ते उघडलेच नाहीत, आणि समोरच्या साहेबांनी सरळ पुढच्या उमेदवाराला हाक मारली. त्या दिवसापासून ती आरशासमोरसुद्धा उभी राहीनाशी झाली होती.

आणि मग भिंगांच्या कारखान्यातून फोन आला. अर्जावर नंबर अर्थातच थोरलीचा होता, कारण घरातले सगळे फोन तीच घ्यायची. अर्ज आपणच केलाय का, असे मालकीणबाईंनी विचारले आणि थोरलीच्या तोंडून “हो, मीच” असे निघून गेले! दोघी बहिणींचा आवाज इतका सारखा की नुसत्या हाकेला बाबाही फसत. शिवाय धाकटीची उजळणी घेता घेता भिंगांची सारी माहिती थोरलीला तोंडपाठ झालेली. बाई खूश झाल्या, भेटायला या म्हणाल्या. धाकटीला तिने एवढेच सांगितले, की थेट काम बघायलाच बोलावले आहे, बोलायचे काही नाही.

आज त्या बाईंनी धाकटीला कारागिरांपुढे उभे केले होते. फोनवर इतके छान बोललात, तेच यांनाही ऐकवा, असे कौतुकाने म्हणाल्या होत्या.

“त्यांना वाटलं, मी को... कोणाला तरी...”

“कोणाला तरी पुढे करून फसवलं,” थोरली म्हणाली.

धाकटीने तिच्याकडे पाहिले. त्या नजरेत राग असता तर थोरलीने तो आनंदाने सोसला असता.

“बघ,” धाकटी म्हणाली. “आत्तासुद्धा.”

ती आत गेली आणि तिने दार लावून घेतले. खिडकीजवळच्या खुर्चीतून बाबा इतकेच म्हणाले, “तू तिला कधी बोलूच दिलं नाहीस.” थोरलीच्या मस्तकात तिडीक गेली... जा, तिच्याबरोबर जा, तिला जमायचं नाही, असे आजवर कोण सांगत आले होते? पण तिने ते शब्द गिळले. बाबांवर राग काढला म्हणून खरे थोडेच खोटे होणार होते?

दुसऱ्या दिवशी दुपारी मालकीणबाईंचाच फोन आला. फोनवर बोलणारी कोण होती, त्यांनी रोखठोक विचारले. थोरलीने सगळे कबूल केले, रडत रडत क्षमा मागितली. बाई म्हणाल्या, की लबाडी त्यांना मुळीच खपत नाही. पण गिऱ्हाइकांशी बोलायला त्यांना माणूस हवे आहे, आणि इतके समजावून बोलणारे कोणी मिळत नाही.

“तुम्ही याल का?”

तुम्ही! आजवर तिला असे कोणी विचारलेच नव्हते. क्षणभर तिला एक टेबल दिसले, खुर्ची दिसली, त्या खुर्चीत बसलेली ती स्वतः दिसली... केसांत रुपेरी छटा आल्यावर, पहिलीवहिली नोकरी! तिने डोळे घट्ट मिटून घेतले.

“मला नको, मॅडम. तिला घ्या.”

तिने तर तोंडच उघडले नाही, बाई म्हणाल्या. विचार करा, संध्याकाळी पुन्हा फोन करते.

थोरलीने घरात अवाक्षर काढले नाही. पण मधली भिंत पातळ होती, आणि भिंतीपलीकडे धाकटी जागी होती.

दिवे लागायच्या वेळी फळीवरचा फोन वाजला. थोरलीचा हात सवयीने पुढे झाला. धाकटीचा आधी पोचला.

“मी... का... का...”

कालची! शब्द थोरलीच्या जिभेवर येऊन उभा राहिला. तिने तोंडावर तळहात दाबून धरला. बाबा खुर्चीतून अर्धवट उठले होते. आता पलीकडून फोन ठेवतील, आता ठेवतील, असे थोरलीला वाटत राहिले... पण कोणी ठेवला नाही.

“कालची मुलगी. फोनवर माझी ता... ताई होती. तिने चूक केली, पण माझ्यासाठी केली.” धाकटीने श्वास घेतला. “मला बोलायला वेळ लागतो. भिंग ब... बसवायला लागत नाही. एकदा टेबलाशी बसवून बघा. आणि ताईला घ्याच. ती माझ्यामुळे घ... घरात राहिली.”

तळहातावर थोरलीच्या डोळ्यांतून धार लागली होती. धाकटी पलीकडचे ऐकत होती, हो म्हणत होती.

“उद्या माझं काम बघणार आहेत,” ती म्हणाली आणि फोन पुढे केला. “आता तू बोल.”

थोरलीने फोन कानाला लावला. बाईंनी साधेच विचारले, तुमच्याबद्दल सांगा.

“मी...” ती म्हणाली. पुढचा शब्द येईना. धाकटीबद्दल, बाबांबद्दल, घराबद्दल ती कितीही बोलली असती. स्वतःबद्दल सांगायची वेळ तिच्यावर कधी आलीच नव्हती. “मला...”

बाबा मदतीला काही बोलणार, तोच धाकटीने हात वर करून त्यांना थांबवले. मग तिने थोरलीचा मोकळा हात आपल्या हातात घेतला, आणि काही न बोलता ती वाट बघत उभी राहिली.