सहाव्या मजल्याचं सामान

जुन्या बाजारातली ती आरामखुर्ची पूर्वाने जवळजवळ घेतलीच होती. एक हात खुर्चीच्या दांड्यावर, दुसरा पर्समध्ये... तेवढ्यात मागून आवाज आला,

“सागवान नाही ते.”

ती वळली. मागे उभा असलेला तरुण तिच्याकडे बघतही नव्हता. वैद्याने रोग्याची जीभ बघावी तसा खुर्चीकडे बघत होता.

“मी विचारलं नव्हतं तुम्हाला.”

“म्हणून तर फुकट सांगितलं.”

गोणपाटावर सामान मांडून बसलेली शकूमावशी उसळली. “ए प्रज्ञेश, तुझ्या का पोटात दुखतंय रं?”

“मावशी, वरून पॉलिश, आतून आंबा. पाऊसकाळात फुगेल आणि बाई पडतील. मग तुम्हालाच शोधत येतील.” मग पहिल्यांदा त्याने पूर्वाकडे पाहिलं. “वास घेता येतो का तुम्हाला?”

“काय?”

“लाकडाचा. या, दाखवतो.”

असं बोलावून कुणी कुणाच्या मागे जातं का? पण पूर्वा गेली. चार पथाऱ्या ओलांडून तो एका मोडक्या सागवानी स्टुलापाशी थांबला, नखाने त्याच्या एका पायाला खालून ओरखडा काढला आणि स्टूल तिच्या नाकापुढे धरलं. तेलकट, किंचित कडवट, उबदार वास. तिने डोळे मिटले. उघडले तेव्हा तो तिच्याकडेच बघत होता, आणि पकडला गेल्यासारखा लगेच स्टुलाकडे बघायला लागला.

दोन हजार आठचा जानेवारी होता. पूर्वा गजभिये मूळची भंडाऱ्याची. हडपसरच्या एका आयटी कंपनीत टेस्टिंगला होती आणि कर्वेनगरात दोन भाड्याच्या खोल्यांत वडिलांबरोबर राहायची. वडील, तात्याराव, तहसील कचेरीतून निवृत्त झालेले. आयुष्यभर सरकारी क्वार्टर्स. बदली झाली की खिळे उपटायचे, फोटो गुंडाळायचे, दार दुसऱ्याला द्यायचं. आई अशाच एका क्वार्टरमध्ये गेली. तात्यांनी लेकीकडे कधी काही मागितलं नाही, एकदाच म्हणाले होते, “पूर्वा, ज्या दारावर येऊन कोणी ‘खाली करा’ म्हणणार नाही, असं एक दार पाहिजे होतं बाप्पा.”

म्हणून तिने फुरसुंगीच्या रस्त्याला फ्लॅट बुक केला. पगार तिकडे जायला लागला आणि नव्या फर्निचरचा प्रश्नच मिटला. जुन्या बाजारात ती आधी गरजेपोटी आली. मग तिला त्या बाजाराची गोडीच लागली. दर रविवारी गंजक्या नळांच्या आणि बंद घड्याळांच्या ढिगातून कधी पितळी कडी सापडायची, कधी निळ्या काचेचं तावदान, कधी चिनी मातीची बरणी... टवका उडालेली, पण झाकण अजून घट्ट बसणारी. घरी आल्यावर फ्लॅटच्या नकाशावर ती पेन्सिलने लिहायची, तावदान इथे, बरणी तिथे. तात्या चष्मा पुसून नकाशा बघायचे आणि म्हणायचे, “माझी खुर्ची खिडकीपाशी. उन्हात.”

प्रज्ञेश येरवड्याचा. मंगळवार पेठेत, बाजारामागच्या गल्लीत त्याची पत्र्याची शेड होती, जुनं फर्निचर दुरुस्त करायची. पेठांतली माणसं फ्लॅटमध्ये जाताना आजोबांची कपाटं काढून टाकत; आयटीतली माणसं तीच कपाटं हौसेने शोधत येत. “मी नुसता हमाल,” तो म्हणायचा, “एकाची अडगळ उचलायची आणि दुसऱ्याच्या दिवाणखान्यात ठेवायची.”

खरी सागवानी आरामखुर्ची त्याने पंधरा दिवसांत शोधून दिली. पण कर्वेनगरच्या खोल्यांत ती मावेना. “राहू द्या माझ्याकडे,” तो म्हणाला. मग खुर्चीमागून कपाट आलं, कपाटामागून टेबल. पूर्वाच्या घराचं सामान त्याच्या शेडच्या एका कोपऱ्यात साठत गेलं आणि ते बघायच्या निमित्ताने रविवारचा एक तास... मग दोन... मग अख्खी दुपार तिथे जायला लागली. तो पॉलिश करायचा, ती स्टुलावर बसून पॉलिशपेपर फाडून द्यायची. बोटांना बोटं लागायची. दोघंही सॉरी म्हणायचे नाहीत.

“तुमच्या नागपूरकडे—”

“भंडारा.”

“तेच ते.”

“पुण्याला कोणी पिंपरी म्हटलं तर चालेल?”

“पिंपरीकरांना विचारावं लागेल,” तो गंभीरपणे म्हणायचा, आणि ती इतकी हसायची की शेजारचा वेल्डर डोकावून जायचा.

एकदा ती त्याला साइट दाखवायला घेऊन गेली. इमारतीचे चार स्लॅब पडले होते. पूर्वाचं घर सहाव्या मजल्यावर, म्हणजे अजून हवेतच होतं. प्रज्ञेशने मान वर करून, डोळ्यांवर हात धरून बराच वेळ पाहिलं.

“ती घार फिरतेय ना,” तो म्हणाला, “तिथे तुमचं कपाट.”

“आणि खुर्ची?”

“थोडी डावीकडे. घारीला वळायला जागा ठेवा.”

ती हसली. मग त्याच हवेकडे बघत, अगदी सहज म्हटल्यासारखं म्हणाली, “स्वयंपाकघरात दोघांना उभं राहता येईल एवढी जागा आहे.”

परतताना मोटारसायकलवर त्याने तीन चौक चुकवले.

त्या वर्षी दिवाळीच्या आधी अमेरिकेतल्या बँका बुडाल्या आणि साइटवरची क्रेन थांबली. आधी म्हणाले महिनाभर. मग बिल्डरचा फोन लागेना. मग ऑफिसला कुलूप दिसलं. पाचवा स्लॅब पडलाच नाही. चौथ्यावरच्या उघड्या सळया गंजायला लागल्या. बुकिंग केलेली माणसं फाटकाशी जमत, भांडत, अर्ज लिहीत, पांगत. पूर्वा सगळीकडे गेली. सगळीकडे तिला बसवून ठेवलं आणि परत पाठवलं.

घरी तात्या विचारायचे, “काम कुठवर आलं गं?”

“चालू आहे, तात्या. प्लास्टर सुरू होईल आता.”

तात्यांच्या किडन्या तोवर निकामी झाल्या होत्या. आठवड्यातून दोनदा दवाखाना. हात सुजलेले, तोंडाला चव नाही. खोटं बोलून झालं की पूर्वा नळ सोडून मोरीत उभी राहायची. रडूही यायचं नाही. नुसतं पाणी बघत राहायची.

“तात्या विचारतात, चावी केव्हा मिळेल,” एका रविवारी तिने शेडमध्ये सांगितलं. “डॉक्टर म्हणतात, फार दिवस नाहीत. मी काय करू, प्रज्ञेश?”

त्याने पॉलिशचा बोळा डब्याच्या झाकणावर ठेवला आणि हात पुसले. मग म्हणाला, “नकाशा आणा उद्या.”

पुढच्या शनिवारी शेड ओळखू येत नव्हती. गिऱ्हाइकांचं सामान त्याने वेल्डरकडे हलवलं होतं. जमिनीवर खडूने नकाशाबरहुकूम, फूट मोजून, पूर्वाच्या फ्लॅटच्या भिंती आखल्या होत्या. खडूच्या बैठकीच्या खोलीत कपाट उभं होतं. निळं तावदान शेडच्या खऱ्या खिडकीत बसवलं होतं आणि त्यातून आलेलं ऊन आरामखुर्चीवर पडलं होतं.

रिक्षातून उतरवून दोघांनी तात्यांना धरून आत आणलं. “घर तयार व्हायला वेळ आहे,” पूर्वा अडखळत म्हणाली, “तोवर... सामान कसं दिसेल ते...”

तात्या खडूच्या रेषेपाशी थांबले. वाकून चपला काढल्या. मगच रेषेच्या आत पाऊल टाकलं. कपाटावरून हात फिरवला, बरणीचं झाकण उघडून पुन्हा लावलं आणि खुर्चीत बसून डोळे मिटले. निळं ऊन त्यांच्या सुजलेल्या हातांवर आलं.

“छान लावलं गं घर,” ते म्हणाले. “तुझ्या आईला दाखवायला पाहिजे होतं.”

पूर्वा चहा आणायला बाहेर पळाली. परत आली तेव्हा तात्या प्रज्ञेशचा हात धरून काहीतरी बोलत होते. तिला बघून गप्प झाले.

दोन हजार नऊचा जून संपता संपता तात्या गेले. त्याच भाड्याच्या खोलीत, सकाळी, चहा यायच्या आधी. तेरा दिवसांत घरमालकाने अदबीने विचारलं, “आपण एकट्याच राहणार का आता? नाही, मुलाचं लग्न ठरतंय आमच्या...” ऑगस्टमध्ये कंपनीने तिच्या अख्ख्या टीमला घरी पाठवलं. शहरात स्वाइन फ्लूची साथ होती. जो तो तोंडाला रुमाल बांधून फिरत होता. कोण हसतंय नि कोण रडतंय, तेही कळत नव्हतं.

तिने प्रज्ञेशला फोन केला. “विकून टाका सगळं. मला त्यातलं काही नको.”

“सगळं?”

“सगळं.”

तो यापुढे काही म्हणेल म्हणून ती थांबली. तो म्हणाला, “बरं.”

त्या एका शब्दाचा तिला इतका राग आला की ती महिनाभर तिकडे फिरकली नाही.

निघायच्या दिवशी मात्र गेली. मंगळवार होता, बाजार नव्हता. कुंभारवेशीचा रस्ता मोकळा आणि उगाचच रुंद वाटत होता. खोली सोडली होती. दोन बॅगा स्टेशनवर ठेवल्या होत्या. संध्याकाळच्या गाडीने भंडाऱ्याला, काकांकडे. पुढचं काही ठरलं नव्हतं. ठरवण्यासारखं काही उरलंच नव्हतं.

शेडचा तो कोपरा रिकामा होता.

“विकलंत,” ती म्हणाली.

“तुम्ही सांगितलं.”

“खुर्चीसुद्धा?”

“खुर्चीसुद्धा. कोथरूडला गेली. एक आजोबा बसतात तिच्यात.”

“मला वाटलं होतं, तुम्ही... एखादी तरी वस्तू...” तिचा आवाज फाटला. “एवढंसुद्धा वाटलं नाही तुम्हाला?”

प्रज्ञेशने हातातला बोळा खाली ठेवला.

“ठेवणार होतो. कपाट तर दोनदा गिऱ्हाइकाच्या टेम्पोतून उतरवून घेतलं. मग वाटलं, ठेवलं तर तुम्ही कपाटासाठी याल. दीड वर्ष तेच चाललं होतं. तुम्ही खुर्ची बघायला यायच्यात, मी खुर्चीबद्दल बोलायचो. आता इथे तुमचं काहीच नाही. आणि तरी आलात.”

पत्र्यावर पावसाची सर वाजायला लागली.

“आणखी एक,” तो म्हणाला. “तात्यांनी शपथ घातली होती, ते असेपर्यंत सांगायचं नाही म्हणून. बिल्डिंग बंद पडलीय हे त्यांना ठाऊक होतं. पेपरात वाचलं होतं त्यांनी. पहिल्यापासून.”

“पण ते तर रोज विचारायचे...”

“‘मी विचारणं सोडलं तर ती खचेल,’ म्हणाले. ‘मला खरं कळू नये म्हणून ती किती धडपडते, बघतोयस ना? तिच्यासाठी मी या घरात राहून घेतो थोडा वेळ.’”

पूर्वा मटकन खाली बसली, त्याच सिमेंटच्या जमिनीवर. आणि अडीच महिन्यांत आलं नव्हतं ते रडू आलं, मोठ्याने, हुंदके देत, लहान मुलीसारखं. प्रज्ञेश शेजारी उकिडवा बसला. त्याचे हात पॉलिशने काळे होते, म्हणून त्याने तिला हातांनी धरलं नाही. मनगटं दूर ठेवून, नुसत्या कोपरांनी जवळ घेतलं.

“माझ्याकडे काही नाही आता,” ती म्हणाली. “घर नाही. काम नाही. तात्या नाहीत.”

“माझ्याकडे येरवड्यात एकच खोली आहे. त्यात आई आणि बहीण. तुम्ही कुठे बसाल, खरंच माहीत नाही मला. म्हणून तर दीड वर्ष तोंड उघडलं नाही.” तो थांबला. “पण परत या. माझ्यासाठी या.”

ती हो म्हणाली नाही. हो म्हणायचं बळच नव्हतं तिच्यात. पण उठताना त्याचा काळा हात तिने आपण होऊन धरला आणि स्टेशनपर्यंत सोडला नाही.

गाडी लागली. त्याने बॅगा आत ठेवल्या आणि खिडकीबाहेर येऊन उभा राहिला. तोंडाला रुमाल बांधलेला, वर नुसते डोळे. ते भरलेले होते आणि लपवायला जागा नव्हती.

“महिनाभर तरी लागेल,” ती गजांतून म्हणाली. “तात्यांच्या आठवणीसाठी गावी पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम आहे. काकांशीही बोलावं लागेल.”

“कशाबद्दल?”

गाडीने धक्का दिला. ती हसली नाही. हसण्याचा दिवस नव्हता तो. गजांवरचा त्याचा हात तिने हळूच सोडवला.

“तुझ्याबद्दल,” ती म्हणाली.