गाडीतला साप

"काका, थांबू नका," पुनम म्हणाली, पण गाडी थांबायच्याच बेतात होती.

जीवरामकाकांनी अ‍ॅक्सिलरेटर पार तळाला टेकवला. इंजिन नुसतं ओरडत होतं, मागून काळा धूर निघत होता आणि घाटाचा चढ काही सरत नव्हता. पुनमच्या मांडीवर तिचा सात वर्षांचा भाऊ नीलेश घामाने चिंब झाला होता. अर्ध्या तासापूर्वी ओढ्याकाठी डबा खाताना त्याने एक दगड उलटला आणि खालच्या विंचवाने त्याच्या बोटाला नांगी मारली. आतापर्यंत दोनदा उलटी झाली होती. हात गार पडले होते. रावेरचा दवाखाना घाटापलीकडे, मोबाइलला रेंज नाही, रस्त्यावर दुसरं वाहन नाही. शेवटी एक आचका देऊन गाडी उभीच राहिली.

"टर्बो गेला," काका कपाळ पुसत म्हणाले. "आता हे गॅरेजवाल्याचं काम शे."

सुट्टी लागल्यापासून नीलेश सांगत होता, की गाडीत साप आहे, चढावर तो फुस्स करतो. सगळे हसले होते. सगळ्यात जास्त तीच हसली होती!

तिने नीलेशला चुलतबहीण कामिनीच्या मांडीवर दिलं आणि खाली उतरली. मामेभाऊ नवल तिच्या मागोमाग आला. त्याच्या वडिलांचं बोदवडला ट्रॅक्टरचं गॅरेज, त्यामुळे इंजिन त्याच्या घरचंच. टर्बो इंजिनात जास्तीची हवा दाबून भरतो, त्याने भराभर सांगितलं. ती हवा वाटेतच निसटली तर डिझेल पुरतं जळत नाही. धूर काळा येतो आणि गाडीचा जोर जातो.

"म्हणजे टर्बो नाही, एखादा पाइपसुद्धा असू शकतो?"

"बघायला काय हरकत आहे?"

त्यांनी बॉनेट उघडलं. पुनमने काकांना गाडी न्यूट्रलला ठेवून अ‍ॅक्सिलरेटर दाबायला सांगितला. एरवी काकांनी तिला उडवून लावलं असतं. आज त्यांनी लगेच पाय दाबला. इंजिन गरजलं आणि पुनम कान देऊन उभी राहिली. फुस्स! तिने रुमालाचं टोक धरून तो एकेका पाइपजवळ नेला. एका जाड रबरी पाइपाच्या सांध्याशी तो फडफडला. तिथे तेलकट धूळ बसली होती. सांध्यावर पाइप आवळून धरणारा लोखंडी क्लॅम्प नव्हता. ट्रॅक्टरच्या जुन्या ट्यूबची काळी पट्टी गुंडाळलेली होती आणि उष्णतेने ती सैल झाली होती.

पुनमला एकदम आठवलं. आठवड्यापूर्वी मळ्यात ठिबकच्या पाइपावर एक चकचकीत क्लॅम्प तिने पाहिला होता. बाकी सगळे गंजलेले आणि तो एकटाच नवा कसा, असं तिला वाटलंही होतं.

"काका, मळ्यातला तो क्लॅम्प इथलाच ना?"

काकांनी मान खाली घातली. त्या दिवशी ठिबकचा पाइप गळत होता, लाईट नुकतीच आली होती, आणि केळीची पाण्याची पाळी चुकवायची नव्हती. गाडीला काय, ट्यूब गुंडाळली तरी चालेल, असं त्यांना वाटलं होतं.

रागवायला वेळ नव्हता. मघाशी खालच्या वळणावर केळीचं एक शेत लागलं होतं; तिथल्या ठिबकच्या पाइपावरही क्लॅम्प असणार. पुनम नीलेशजवळ बसली आणि कामिनी, शाळेची धावपटू, वाऱ्यासारखी सुटली. नीलेशचा श्वास जड येऊ लागला होता. पुनम त्याचे हात चोळत राहिली आणि मनातल्या मनात आकडे मोजत राहिली. आकडे चुकत होते. ती रडत होती, हे तिला नंतर कळलं.

कामिनी परतली ती एका म्हाताऱ्या शेतकऱ्याला, सुपडूआबांना, बरोबर घेऊनच. त्यांनी चालू मोटर बंद करून पाइपावरचा क्लॅम्प काढून आणला होता.

"घ्या पोरांनो," ते धापा टाकत म्हणाले. "केळीले पाणी उद्याबी देता येईन. पोराले आधी न्या."

आबांच्या उपरण्याने गरम पाइप धरून नवलने क्लॅम्प बसवला. पुनमने पान्याने तो आवळला. काकांनी गिअर टाकला. फुस्स नाही, धूर नाही. गाडी जोरात चढ चढून गेली!

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी नीलेशला लगेच इंजेक्शन दिलं, सलाईन लावलं. उशीर झाला असता तर अवघड होतं, वेळेवर आणलंत, असं त्या म्हणाल्या. काकांनी पुनमकडे बोट केलं.

"मी नाही आणलं, बाई. ह्या पोरांनी आणलं."

दुसऱ्या दिवशी काकांनी मळ्यातला क्लॅम्प काढून गाडीला लावला आणि सुपडूआबांचा परत करायला ते स्वतः घाट चढून गेले. पुनम दवाखान्यातच होती. नीलेशने डोळे उघडले, इकडेतिकडे पाहिलं आणि हळूच विचारलं, "ताई, गाडीतला साप गेला?"

"गेला," ती म्हणाली. "पण तू म्हणत होतास ते खरंच होतं."

मग तिने त्याचा हात हातात घेतला. तो आता उबदार होता.