हात आत आहे

थोरलीने बेअरिंगची जोडी पिशवीत न टाकता दोन्ही हातांत धरून आणली. दुकानदार हसून म्हणालासुद्धा, "अहो ताई, लोखंड आहे ते. पडलं तरी फुटायचं नाही."

"फुटायचं नाही हो, पण आत धुळीचा एक कण गेला तरी वर्षभरात बोंबलायला लागेल," ती म्हणाली आणि तेलकट कागदाची घडी पुन्हा घट्ट केली.

सुट्टीचा दिवस होता. दुपारचे तीन वाजले असतील, पण आभाळ असं भरून आलं होतं की दिवेलागणीची वेळ वाटावी. घरामागच्या अंगणापलीकडे त्यांची शेड. आत चार मशिनं, आणि त्यांतली सगळ्यात जुनी, लोखंड कातायची लेथ कोपऱ्यात. तिला सगळे म्हातारी म्हणत. ती कुठल्या साली आली हे आता फक्त थोरलीच्या वडिलांना, म्हणजे मिस्त्रींना, माहीत होतं, आणि तेही विचारलं तर दोनदा वेगवेगळं सांगत.

म्हातारी दोन महिन्यांपासून घरघरत होती. तिच्यावर कातलेल्या शाफ्टवर बारीक लाटा उमटायच्या. नख फिरवलं की कळायचं. कुणीही फिटर सांगेल, डोक्यातली बेअरिंगं गेली. लेथचं डोकं म्हणजे तिच्या डाव्या टोकाची ती ओतीव लोखंडाची पेटी. मधला दांडा तिच्यातच फिरतो.

पण मिस्त्रींचं एकच पालुपद. "चालतंय तोवर चालू दे. डोकं उघडायचं नाही."

का उघडायचं नाही, ते थोरलीला ठाऊक होतं. घरात सगळ्यांनाच ठाऊक होतं, म्हणून कुणी बोलत नसे. तीस वर्षांपूर्वी तिचा काका, मिस्त्रींचा धाकटा भाऊ, याच डोक्यात हात घालून पट्टा नीट करत होता. मिस्त्री पलीकडे खटक्यापाशी उभे होते. त्यांनी विचारलं, "चालू करू?" काका म्हणाला, "कर." त्यांनी खटका वर केला. काका दवाखान्यापर्यंतसुद्धा पोचला नाही. चौकशीला आलेल्या माणसाने कागदावर लिहून नेलं, की मयताचा स्वतःचा हलगर्जीपणा. थोरली तेव्हा सहा वर्षांची होती. तिच्या आठवणीत काकाचा चेहराही नीट नव्हता. फक्त खांद्यावर बसवून अंगणात गोल गोल फिरवल्याचं तेवढं आठवायचं.

काकू तेव्हापासून घराच्या वरच्या मजल्यावर राहत होती. दोन्ही वेळचं जेवण एकत्र, आजारपणं एकत्र, थोरलीच्या धाकट्या बहिणीचं लग्न तर काकूनेच उभं राहून पार पाडलं. पण अंगण ओलांडून तिने शेडच्या दारात कधी पाऊल टाकलं नाही. आणि एक गोष्ट ती अधूनमधून म्हणायची, कुणाला उद्देशून नव्हे, भाजी निवडता निवडता. "जो माणूस कोपऱ्यापर्यंत गेल्यावर कुलूप ओढून बघायला परत यायचा, तो हलगर्जी?"

मिस्त्री तेव्हा ताटाकडे बघत. त्यांना तसंही ऐकू कमीच यायचं. आयुष्यभर मशिनांत राहून कान गेले होते.

तर त्या दुपारी मिस्त्री जेवून आडवे झाले होते आणि थोरलीने मनाशी ठरवलं होतं, की आज बाबा उठायच्या आत डोकं उघडायचंच. शटर अर्धं खाली ओढलं. दिवा लावला. म्हातारी सुरू केली.

उघडायच्या आधी कुठलं बेअरिंग जास्त गेलंय, पुढचं की मागचं, ते ऐकावं लागतं. त्याची जुनी रीत आहे. लांब पेचकस घ्यायचा, पातं बेअरिंगच्या घरावर टेकवायचं आणि मूठ कानामागच्या हाडाला लावायची. मग मशिनच्या पोटातलं सगळं ऐकू येतं. थोरलीने डोळे मिटले. मागचं ठीक होतं. पुढच्यात खडे भरडल्यासारखा आवाज.

तेवढ्यात वीज गेली.

दिवा विझला. म्हातारी फिरता फिरता मंदावली. घर्रर्र... घर्र... घर्... आणि थांबली. शेडमध्ये करडा अंधार पसरला. तेलाचा आणि थंड लोखंडाचा वास अचानक दाटून आल्यासारखा वाटला. थोरली तशीच उभी होती, मूठ कानाला लावून. हलायचं सुचलं नाही, एवढंच.

आणि थांबलेल्या मशिनच्या आतून कुणीतरी म्हणालं...

"अजून नको..."

तिने पेचकस झटक्यात काढला. शेडमध्ये सगळं शांत. वरच्या पत्र्यावर कावळा चालत होता, त्याच्या नखांचा आवाज तेवढा. तिने स्वतःशीच म्हटलं, दुपारचा चहा झाला नाही ना, म्हणून. रस्त्यावरून कुणी बोलत गेलं असेल. लोखंड काय काय खेचून आणतं. तिने पेचकस परत टेकवला नाही. टेकवायला हवा होता असंही वाटलं, आणि नको असंही.

घाबरलेलं माणूस एक तर पळतं, नाहीतर कामाला लागतं. थोरली कामाला लागली. डोक्याचं मागचं झाकण तिने उतरवून ठेवलं. म्हातारीचा पट्टा चामड्याचा, पिनेने जोडलेला. दांडा बाहेर काढायचा तर आधी ती पीन उपसावी लागते. पीन नेमकी मागच्या बाजूला, आत गेलेली. एरवी ती मशिनला हात लावण्याआधी खटका खाली करायची, मुख्य फ्यूज काढून स्वतःच्या खिशात टाकायची. बाबांनीच लावलेली शिस्त. पण आज मशीन तिने बंद केलंच नव्हतं. ते वीज गेल्यामुळे आपोआप थांबलं होतं. जुन्या धाटणीचा खटका होता तो. वीज गेली तरी वरचा वरच राहायचा. अस्वस्थ मनाला ते दिसलंच नाही.

तिने उजवा हात कोपरापर्यंत आत घातला. पीन बोटांना लागत होती, पण पकडीत येईना. तिने अंग पुढे टाकलं, गाल म्हातारीच्या थंड डोक्यावर टेकवला, कान लोखंडाला चिकटला, आणि पीन हलली.

"दादा, अजून नको... अजून नको! हात आत आहे!"

कानात नव्हे, दातांत ऐकू आलं तिला ते. पुरुषाचा आवाज होता, तरुण आणि धास्तावलेला. विचार करायला वेळच नव्हता. हात आपोआप मागे आला, इतक्या जोरात की कोपर खोबणीला सोलपटून निघालं.

पुढच्या क्षणाला दिवा लागला. म्हातारीने हिसका दिला, पट्टा फाडकन ताणला गेला आणि गरगरायला लागला. अर्धवट उपसलेली पीन निसटून सणसणत गेली आणि पत्र्यावर आदळली.

थोरलीने खटका खाली केला. फ्यूज काढला. मग ती जमिनीवर बसली आणि उजव्या हाताची पाचही बोटं डाव्या हाताने एकेक करून दाबून पाहिली.

मिस्त्री पत्र्याचा आवाज ऐकून आले नाहीत. त्यांना तो ऐकू येणं शक्यच नव्हतं. ते आपसूक जागे झाले होते आणि अंगणातून चालत आले, तेव्हा ती तशीच बसलेली. त्यांनी उतरवलेलं झाकण पाहिलं, लोंबणारा पट्टा पाहिला, लेकीचं रक्ताळलेलं कोपर पाहिलं.

"बाबा," ती त्यांच्या कानाशी तोंड नेऊन म्हणाली, "काका आत आहेत."

त्यांनी कान आणखी जवळ आणला.

"मला ऐकू आलं. ते म्हणाले, दादा, अजून नको, हात आत आहे. त्यांनी वाचवलं मला."

मिस्त्री रागावतील, वेडी झालीस का म्हणतील, असं तिला वाटलं होतं. ते हळूहळू खाली बसले, तिच्या शेजारी, फरशीवर.

"असं म्हणाला होता होय तो..." ते म्हणाले.

"म्हणजे?"

"मी ऐकलंच नव्हतं गं. बाकीची तिन्ही मशिनं चालू होती. कान तेव्हाच गेले होते माझे, कुणाला सांगत नव्हतो. मी विचारलं, चालू करू? त्याचे ओठ हलताना दिसले. ओठ हलले म्हणजे कर म्हणाला, असं मी धरलं." त्यांनी तोंडावरून हात फिरवला. "नंतर सगळे विचारायला लागले. मी म्हटलं, तो कर म्हणाला. एकदा म्हटलं आणि मग तेच म्हणत राहिलो. इतक्यांदा म्हटलं की मलाच खरं वाटायला लागलं. पण रात्री वाटायचं नाही."

थोरलीला त्यांचा राग यायला हवा होता. पण शेजारी बसलेला तो म्हातारा माणूस इतका लहान दिसत होता, की तिने त्यांचा हात नुसता धरून ठेवला.

"काकूला सांगायला हवं बाबा."

"हो," ते म्हणाले. "मीच सांगतो."

संध्याकाळ व्हायच्या आत ते जिना चढून वर गेले. थोरली मागोमाग गेली आणि दाराशी थांबली. मिस्त्रींनी बसायला नकार दिला. उभ्यानेच, एकही शब्द न गाळता सगळं सांगितलं. काकू हातातला कपडा घडी करत होती. घडी पुरी केली, कपाटात ठेवली, कपाट लावलं.

"एवढं सांगायला तीस वर्षं लागली भाऊजी?"

मिस्त्रींची मान खाली. त्यांना शब्द ऐकू आले नसतील कदाचित, पण ते कळायला कानांची गरज नव्हती.

काकू खिडकीशी गेली. तिथून शेडचं छप्पर दिसायचं. "माझा माणूस हलगर्जी नव्हता," ती म्हणाली. "मला माहीतच होतं. आज तुमच्या तोंडून ऐकलं." मग पाठमोरीच राहून म्हणाली, "खाली जाऊन जेवून घ्या. दुपारी नीट जेवला नाहीत तुम्ही."

थोरलीने विचारलं, "काकू, तुला ऐकायचंय? उद्या जुनी बेअरिंगं काढायच्या आधी..."

"नको. तू तुझं काम कर. तीस वर्षं ओरडतायत ते आत. आधी त्यांना मोकळं कर. मग येईन मी."

दुसऱ्या दिवशी बापलेकींनी मिळून डोकं पुरतं उघडलं. फ्यूज मिस्त्रींनी स्वतःच्या मुठीत धरला होता, काम पुरं होईपर्यंत सोडला नाही. लाकडाचा ठोकळा लावून दांडा पुढे सरकवला, जुनी बेअरिंगं ओढून काढली. पुढच्याच्या कडीला देवीच्या व्रणांसारखे खड्डे पडले होते. नवीन जोडी गरम तेलात टाकली, फुगली तशी दांड्यावर सरकवली. अलगद बसली. मिस्त्री म्हणाले, "सुरेख." त्या शेडमध्ये तो शब्द कितीतरी वर्षांनी उच्चारला गेला होता.

म्हातारी चालू केली तेव्हा तिने काही आवाजच केला नाही. मिस्त्रींनी डोक्यावर तळवा ठेवला आणि डोळे मिटून घेतले.

चार वाजता काकू अंगण ओलांडून आली. उंबऱ्याशी थबकली, मग आत आली. थोरलीने मशीन बंद केलं, खटका पाडला, फ्यूज काढला, आणि पेचकस तिच्या हातात दिला. पातं कुठे टेकवायचं, मूठ कुठे लावायची, ते दाखवलं.

काकू ऐकत राहिली. बराच वेळ. तिच्या कपाळावरची आठी हळूहळू विरली.

"नाहीत," ती म्हणाली. "गेले. आत काही नाही." आणि तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, पण चेहरा हसरा होता. मिस्त्री दारात उभे होते, तेही डोळे पुसू लागले.

थोरली पेचकस घ्यायला पुढे झाली. काकूने तिला हाताने थांबवलं. मूठ अजून कानालाच होती.

"थांब..." ती म्हणाली. "कोणीतरी आहे."

"काका?"

"नाही... बाई आहे." काकूचा चेहरा हळूहळू उतरत गेला. तिने थोरलीकडे पाहिलं, मग तिच्या बंद ओठांकडे. "तुझा आवाज आहे गं."

"काय म्हणतेय?"

काकूने पेचकस खाली ठेवला आणि थोरलीचा उजवा हात घट्ट धरला. उत्तर दिलं नाही. त्या दिवशी नाही, आणि पुढे कितीदा विचारलं तरी नाही.

म्हातारी आता झकास चालते. तिच्यावरच्या शाफ्टवर एक लाट उमटत नाही. थोरलीने नंतर कितीतरी वेळा पेचकस लावून पाहिला, तिला काहीच ऐकू आलं नाही. मात्र काकू आता रोज न चुकता, शेड बंद व्हायच्या वेळी अंगण ओलांडून येते, थोरलीला हाताला धरून घरी नेते. वाटेत थोरली काही बोलली, की काकू आधी मागे वळून बंद शेडकडे बघते, आवाज तिथून तर आला नाही ना असं. आणि मगच तिला उत्तर देते.