रिकाम्या पाण्याचा धडा

भोवरेबाईंना कुणी भोवरेबाई म्हटलं की राग येत नसे, उलट त्या मान आणखी ताठ करत. पाण्यातल्या भोवऱ्यांचं गणित मांडण्यात अर्धं आयुष्य घालवलेल्या बाईला दुसरं म्हणणार तरी काय? परिषदेच्या पहिल्या सकाळी गळ्यात ओळखपत्र अडकवून त्या चहाच्या रांगेत उभ्या होत्या, तेव्हा मागे दोघं तरुण संशोधक कुजबुजले, "हीच ती. नुसत्या मागावरून ओळखणारी."

बाई गर्रकन वळल्या. "खांब ओळखते रे, खांब. माणसं ओळखता आली असती तर लग्न जरा विचार करून केलं असतं."

रांगेत हशा पिकला. बाईंना हशा आवडायचा आणि तो आपल्यामुळे पिकलेला असला तर फारच आवडायचा.

त्यांचं काम सांगायला सोपं होतं. वाहत्या पाण्यात खांब उभा केला की त्याच्या मागे एक भोवरा डावीकडून सुटतो, मग एक उजवीकडून, पुन्हा डावीकडून. दूरपर्यंत भोवऱ्यांची अशी रांग लागते. बाई तिला 'माग' म्हणत. बाकीची दुनिया खांब बघून मागाचं गणित करायची. बाई उलट्या. खांब झाकून ठेवा, मला फक्त माग दाखवा, मी खांबाचं चित्र काढून देते, अशी त्यांची पैज असे. आणि चित्र बरोबर येई, केसाचाही फरक नाही.

एवढी हुशारी असूनही बाईंना पक्की नोकरी नव्हती. करार संपला की दुसरी संस्था, दुसरं शहर, पुन्हा नव्या चाव्या. नवरा शाळेत भूगोल शिकवायचा, तो आणि मुलगी एकाच गावात राहिले, कारण कुणीतरी एका जागी राहायला हवंच होतं. मुलीला घरात चिमणी म्हणत. चिमणीला शाळेत 'माझं कुटुंब' असं चित्र काढायला सांगितलं, तेव्हा तिने बाबाला पूर्ण काढलं, स्वतःला पूर्ण काढलं आणि आईला मोबाइलच्या चौकटीत काढलं. बाईंनी त्या चित्राचं तोंडभरून कौतुक केलं, फोन ठेवला आणि न्हाणीघरात जाऊन ढसाढसा रडल्या.

म्हणून ही परिषद महत्त्वाची होती. परिषद भरवणाऱ्या संस्थेत एक पक्की जागा रिकामी होती आणि तिच्याबरोबर आवारातच राहायला घर होतं. बाईंनी ते बाहेरून बघूनही घेतलं होतं. स्वयंपाकघराला मोठी खिडकी होती. चिमणीची खोली कुठली, हेही त्यांनी मनात ठरवून टाकलं होतं. आता राहिलं होतं ते दुसऱ्या दिवशीचं प्रात्यक्षिक आणि त्यानंतरची मुलाखत. बाईंच्या लेखी दोन्ही डाव्या हाताचा मळ.

संस्थेच्या प्रमुखांना सगळे थोरले सर म्हणत. धाकटे सर कोण, हे मात्र कुणीच सांगत नव्हतं. बारीक अंगाचे, हळू बोलणारे गृहस्थ. त्यांनी स्वतः बाईंना प्रयोगशाळेत नेलं.

"हा आमचा पाट," ते म्हणाले.

पाट म्हणजे काचेच्या भिंतींचा लांबलचक, माणूस बुडेल एवढा खोल हौद. एका टोकाकडून पंप पाणी ढकलायचे आणि दुसऱ्या टोकाला ते जाळीतून निघून खालच्या नळांनी परत यायचं. वरच्या टोकाला काळा पडदा होता. त्यामागे उद्या तंत्रज्ञ एखादी वस्तू उभी करणार होता आणि खालच्या टोकाला सेन्सर लावून बाई ती ओळखणार होत्या.

"आधी धडा करून घेते," बाई म्हणाल्या.

दुकानदार तेल मापण्याआधी रिकाम्या बाटलीचा धडा करतो, तसलाच हा प्रकार. आधी पाटात काहीही न ठेवता पाणी सोडायचं आणि सेन्सरवर जे उमटेल ते जपून ठेवायचं. मग वस्तू ठेवून तेच करायचं. दुसऱ्यातून पहिलं वजा केलं की पंपाची थरथर, काचेचे सांधे, पाटाच्या साऱ्या खोडी निघून जातात आणि वस्तूचा शुद्ध माग हातात राहतो. या धंद्यातली पोरंसोरंही हे डोळे मिटून करतात.

पाणी सुरू झालं. ते इतकं स्वच्छ होतं की पाट कोरडा वाटावा. बाईंनी पडदा बाजूला सारून स्वतः खात्री केली. आत काही नव्हतं, पलीकडच्या काचेमागे भिंतीवरचा अग्निशामक तेवढा लाल दिसत होता. त्यांनी पडदा सोडला आणि सेन्सर चालू केले.

स्क्रीनवर सरळ रेघ यायला हवी होती. रेघ अगदी किंचित हलली. डावीकडे. मग उजवीकडे. मग डावीकडे.

"पाटात काही राहिलंय का हो?" बाईंनी तंत्रज्ञाला विचारलं.

तंत्रज्ञ पाटाकडे न बघताच म्हणाला, "रिकामाच आहे, बाई."

"मग खोड आहे तुमच्या पाटाला."

"आहे," थोरले सर म्हणाले. "जुनी आहे."

"असू दे. प्रत्येक पाटाला असते. वजा केली की संपली."

त्या तिघांत बाईच तेवढ्या हसल्या. मध्येच एकदा रेघेचा ताल बदलला, एकाच जागी खूप वेळ उभ्या असलेल्या माणसाने अंगाचा भार या पायावरून त्या पायावर घ्यावा तसा. पंपाने श्वास घेतला असेल, असं बाई स्वतःशी म्हणाल्या आणि नोंदणी पूर्ण करून जेवायला गेल्या.

दुसऱ्या दिवशी प्रयोगशाळेत पाय ठेवायला जागा नव्हती. पहिल्या रांगेत निवड समिती बसली होती. थोरले सर, त्यांच्या शेजारी गणिताच्या उंच प्राध्यापक बाई आणि टोकाला कार्यालयाचे अधिकारी. भोवरेबाई आज जरीकाठ नेसल्यासारख्या तोऱ्यात होत्या, अंगात साधा सदरा असला म्हणून काय झालं.

"पडद्यामागे काय आहे ते मला ठाऊक नाही," त्या म्हणाल्या. "दोन मिनिटांत तुम्हाला ठाऊक होईल."

पाणी सुटलं. सेन्सर चालू झाले. धडा वजा झाला. पाटाकडे वरून बघितल्यासारखं चित्र स्क्रीनवर उमटू लागलं. बाईंच्या रीतीप्रमाणे वस्तू असेल तिथे लाल रंग भरत असे. हळूहळू लाल त्रिकोण तयार झाला.

"तिकोनी खांब. एक कड जरा झिजलेली. नवीन घ्या हो, संस्थेला काय कमी आहे?"

तंत्रज्ञाने पडदा ओढला. तिकोनी खांब आणि एक कड झिजलेली. टाळ्यांचा कडकडाट झाला. बाईंनी मान लववली आणि मान वर करताना पुन्हा स्क्रीनकडे पाहिलं.

चित्र थांबलं नव्हतं.

त्रिकोणाच्या बाजूला निळा रंग उमटत होता. निळा म्हणजे उणे. वस्तू नाही, वस्तूची वजाबाकी. मध्ये एक लांबट गोल तयार झाला. त्याच्या दोन्ही अंगांना एकेक लहान गोल. टाळ्या विरल्या. मागून कुणीतरी म्हणालं, "गणित चुकलं वाटतं बाईंचं!" आणि थोडे लोक हसले.

बाईंचं डोकं मात्र भराभर चालू लागलं होतं. गणित चुकलेलं नव्हतं. निळं कधी येतं? धड्यात असलेली गोष्ट आज नसली तरच. मधला लांबट गोल म्हणजे छाती, बाजूचे लहान गोल म्हणजे लोंबते हात. उभ्या माणसाला खांद्याखाली आडवं कापून वरून बघितलं तर बरोब्बर असं दिसेल.

दुसरं कुणी असतं तर प्रोग्रॅमवर खापर फोडून मोकळं झालं असतं. बाईंना ते सुचलंसुद्धा नाही. आपलं गणित बरोबर आहे यावर त्यांचा देवापेक्षा जास्त विश्वास होता.

"गणित चुकलेलं नाही," त्या खणखणीत आवाजात म्हणाल्या. "काल मी धडा केला तेव्हा हा पाट रिकामा नव्हता. इथे कुणीतरी उभं होतं. आज नाही. खांब काढा, पुन्हा धडा करू."

खांब निघाला. पाणी सुटलं. रेघ सरळ आली, पट्टीने ओढल्यासारखी. जुनी खोड गेली होती.

"आज मात्र तुमचा पाट खरोखर रिकामा आहे. अभिनंदन!"

लोकांना हा विनोद वाटला आणि ते पोट धरून हसले. पहिल्या रांगेतलं कुणी हसलं नाही. उंच प्राध्यापक बाईंनी खांद्यावरून मागे वळून दाराकडे पाहिलं. तंत्रज्ञाने पंप बंद केले आणि हातसुद्धा न पुसता तो बाहेर पडला.

दुपारी बाईंनी घरी फोन लावला.

"जिंकलं म्हण," नवरा म्हणाला.

"जिंकलंच. शिवाय त्यांच्या पाटातलं भूतही काढून दिलं फुकटात." बाईंनी सगळं सांगितलं.

तो हसला. मग म्हणाला, "अगं, पण काढलंस ते ठेवलंस कुठे?"

"तुझं आपलं काहीतरीच," बाई म्हणाल्या. पण जेवण त्यांना नीट गेलं नाही.

मुलाखतीची खोली लांबट होती. मध्ये लांब टेबल. पलीकडच्या टोकाला अधिकारी, मग उंच प्राध्यापक बाई, मग थोरले सर, सगळे एकाच बाजूला ओळीने. अलीकडच्या टोकाला बाईंची खुर्ची. प्रत्येकापुढे बाईंच्या माहितीचा एकेक कागद ठेवला होता.

प्रश्न असे विचारलेच नाहीत. थोरल्या सरांनी नेमणुकीचं पत्र बाईंच्या पुढ्यात सरकवलं. "आमचं सगळ्यांचं एकमत झालंय. घराची चावी आजच मिळेल."

बाईंच्या डोळ्यांपुढे स्वयंपाकघराची मोठी खिडकी आली. एका घरात तिघं. रोज. त्यांनी झोकात सही ठोकली.

"आता एकच विचारतो," थोरले सर म्हणाले. त्यांचा आवाज आणखी खाली गेला होता. "आधी या पाटावर काम केलेल्या लोकांनी पाटाला खोड आहे, एवढंच सांगितलं. तुम्ही ती बाहेर काढून दाखवलीत. मग आता ती कुठे आहे?"

"म्हणजे?"

"तुम्हाला माग दिसतो ना? बघून सांगा."

बाई हसणार होत्या. पण त्यांचं लक्ष अधिकाऱ्यांच्या कागदाकडे गेलं. त्याची डावी कड उचलली गेली, मग उजवी, मग डावी.

"एसीचा वारा आहे," बाई म्हणाल्या. "बंद करा. वाहतं काही नसलं तर माग उमटायचा नाही."

"आणि तरी उमटला तर?" उंच प्राध्यापक बाईंनी विचारलं. विचारताना त्यांची नजर भोवरेबाईंकडे नव्हती.

याचं उत्तर पहिल्या वर्षाच्या मुलालाही येतं. बाईंनीही ते सवयीने, ठामपणे दिलं. "तर मग वस्तू स्वतः चालतेय. ती पुढे निघून गेली की मागे भोवरे राहतात."

अधिकाऱ्यांनी एसी बंद केला. खिडक्या बंद होत्या, दारही बंद होतं. हवा जागच्या जागी थांबली. कागदही थांबले.

मग अधिकाऱ्यांचा कागद हलला. डावी कड. उजवी कड. आणि निपचित झाला.

उंच प्राध्यापक बाईंचा कागद हलला. डावी कड. उजवी कड.

थोरल्या सरांनी दोन्ही हात मांडीवर घेतले.

त्यांचा कागद हलला. डावी. उजवी.

आता बाईंचा.

तिघंही बाईंच्या पुढ्यातल्या पत्राकडे बघत होते. बाईही बघत होत्या. सहीची शाई अजून ओली होती. पत्र हललं नाही. बाईंनी श्वास रोखून धरला, न जाणो आपल्याच श्वासाने हलेल. तरी ते हललं नाही.

थोरल्या सरांनी सुटकेचा श्वास सोडला. कितीतरी वर्षांनी सोडावा तसा.

"अभिनंदन," ते म्हणाले.

तिघं उठले, खुर्च्यांचा आवाज न करता ओळीने बाहेर गेले आणि दार हलकेच लावून घेतलं.

टेबलावरचा फोन उजळला. नवऱ्याचा निरोप होता. 'झालं का? चिमणीने खेळणी खोक्यात भरायला घेतलीत. विचारतेय, उद्याच येऊ का?'

पत्र अजून हललं नव्हतं. जे टेबलाकडेने चालत आलं होतं, ते बाईंच्या पुढे गेलंच नव्हतं.