थोरला संगणक वाट विसरतो

डिस्क भरलेली होती आणि तरीही थोरला संगणक म्हणत होता, आत काहीच नाही. असं कसं होईल, ते मिहिकाला काही केल्या कळेना.

मंगळावरच्या त्या छोट्या वस्तीतला हा सर्वांत जुना संगणक, म्हणून त्याचं नाव थोरला. जुन्या गाडीला वाट दाखवायचं काम त्याचं. सकाळी वादळात वीज गेली, परत आली, आणि तेव्हापासून तो असा कोरा होऊन बसला होता. मिहिकाची आई, वसुधा, नेमकी त्याच गाडीतून दगडांचे नमुने आणायला गेली होती. चाकांच्या खुणा वाऱ्याने पुसल्या होत्या आणि मऊ धुळीखाली खड्डे दडलेले होते. आई होती तिथेच थांबली. तिच्याकडची हवा संध्याकाळपर्यंतच पुरणार होती.

पडद्यावर प्रश्न आला: ‘डिस्क रिकामी आहे. नवी मांडणी करू का?’ मिहिकाने ‘हो’वर बोट नेलं, तोच आजोबांनी तिचा हात धरला. थोरला त्यांनी आणि त्यांच्या मित्रांनीच तरुणपणी घडवला होता.

“थांब पोरी. हो म्हटलंस तर तो जागा मोकळी समजून वर नवं लिहायला लागेल. मग मात्र खरंच काही उरणार नाही.”

मग त्यांनी तिला समजावलं. डिस्कवर माहिती तुकड्यातुकड्यांनी ठेवलेली असते. कुठला तुकडा कुठे आहे, ते डिरेक्टरी (माहितीच्या पत्त्यांची सूची) सांगते. वीज गेली तेव्हा थोरला नेमकी हीच सूची लिहीत होता. ती अर्धवट राहिली. माहिती जागच्या जागी होती, पत्ते तेवढे बिघडले होते.

एवढ्यात रेडिओवर आईचा आवाज आला. “बाबा, तुमचा थोरला म्हातारपणी विसरायला लागला की काय?”

“तो विसरला असेल, मी नाही,” आजोबा म्हणाले. पण कपाळावरचा घाम त्यांनी मिहिकाच्या नकळत पुसला.

आधी त्यांनी अख्ख्या डिस्कची नक्कल केली. मूळ डिस्कला हात लावायचा नाही, चुका करायच्या त्या नकलेवर, ही त्यांची जुनी शिस्त. नक्कल होईपर्यंत ते पृथ्वीवरच्या गोष्टी सांगू लागले. लग्नकार्याला आळीभरातून पातेली गोळा व्हायची. कार्य उरकलं की भांड्यांचा हा ढीग, सगळी सारखीच. पण कोणी भांडत नसे, कारण प्रत्येक पातेल्याच्या काठावर मालकाचं नाव घातलेलं असे. थोरला घडवताना त्यांनी तेच केलं होतं. प्रत्येक तुकड्याच्या माथ्यावर तो कशाचा, कितवा, हे कोरून ठेवलं होतं. पुढच्या संगणकांनी ही पद्धत सोडली. उगाच जागा जाते म्हणे.

आता थोरला एकेक तुकडा वाचून त्याच्या माथ्यावरचं नाव बघू लागला आणि नवी सूची तयार होऊ लागली. आईची वाट दिसू लागली. पण मधला एक तुकडा सापडेना. दोन तुकड्यांचे माथेच बिघडले होते. त्यातला कुठला खरा?

मिहिकाने दोन्ही उघडले, मग आधीचा तुकडा पुन्हा पाहिला. “आजोबा, हा काळ्या कड्यापाशी संपतो. आणि या दोघांतला एकच काळ्या कड्यापासून सुरू होतोय.”

पुढचं टोकही जुळतंय का, आजोबांनी विचारलं. तिने ताडून पाहिलं. जुळत होतं.

जुळलेली वाट थोरल्याने रेडिओवरून आईच्या गाडीला पाठवली. दोघंही खिडकीशी जाऊन उभी राहिली. बाहेर लाल धुळीचा एक ठिपका हळूहळू मोठा होत गेला, आणि आजोबा मट्कन खुर्चीत बसले.

आई आत आली ती “खायला काय आहे?” असं विचारतच. आणि घास संपायच्या आत टेबलावर डोकं टेकून झोपलीसुद्धा, एका हातात हातमोजा तसाच. तिच्या शेजारी बसून मिहिका थोरल्याला नवी सवय लावत होती: सूची दोन वेगळ्या डिस्कवर लिहायची, पहिली पुरी झाल्याशिवाय दुसरीला हात लावायचा नाही. लवकरच उत्तरेच्या दऱ्यांकडे गाड्या निघणार होत्या. त्यातल्या एकीत बसायचं, हे तिने मनाशी ठरवून टाकलं होतं.