कोरे बूट

ही बनवलेली गोष्ट नाही. जिच्या डोळ्यांदेखत ती घडली, ती मुलगी पदार्थविज्ञान शिकलेली. भुताखेतांचं नाव काढलं की हसायची.

आता हसत नाही.

थंडीतली रविवारची दुपार होती. गल्लीच्या टोकाच्या जुन्या थिएटरात एका बॅलेचं चित्रण दाखवणार होते. तिची मावशी हट्टालाच पेटली. मावशीची लेक बॅले नाचायची. गेल्या वर्षी तापाचं निमित्त झालं आणि ती गेली.

"मावशी, तिथे जाऊन रडणारच ना तू?" भाचीने विचारलं.

"घरी काय कमी रडते? तिथे निदान अंधार असतो."

दारावरचा तिकीटवाला म्हणाला, "यात मारामारी नाही हं, ताई. झोप लागली तर उठवीन."

आत मोजकीच डोकी. पडद्यावर मुली पायांच्या टोकांवर तरंगत होत्या.

"बघ, बुटांचा आवाज नाही," मावशी कुजबुजली. "नवे असले की दगडासारखे कडक असतात. आपटून आपटून मऊ करावे लागतात. तिचे मीच करायचे, उंबऱ्यावर."

शेवटचा जोड मात्र मऊ करायचा राहूनच गेला होता. अखेरचा निरोप देताना मावशीने तोच, कोरा, लेकीच्या पायांत घातला होता.

आणि तेव्हा...

टक्. टक्.

भाचीने पडद्याकडे पाहिलं. संगीत थांबलं होतं. नाचणाऱ्या मुली स्तब्ध उभ्या होत्या.

टक्... टक्...

मागून. खुर्च्यांमधल्या वाटेवरून.

वाटेवर जाड गालिचा होता. गालिच्यावर असा आवाज होऊच शकत नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

आवाज मावशीपाशी येऊन थांबला.

मावशीच्या पलीकडची खुर्ची रिकामी होती. स्प्रिंगने वर मिटलेली तिची बैठक... हळूहळू खाली आली.

मावशीने वळूनही पाहिलं नाही. फक्त ओंजळ पुढे केली.

"बोचतात ना गं? काढ. दे इकडे, मऊ करून देते."

बैठक खटकन वर गेली.

मावशी हात तसेच धरून घरी आली. कुलूपही भाचीनेच उघडलं. मावशी उंबऱ्याशी बसली आणि आपटू लागली... रिकामा हात. तो लाकडाला टेकतही नव्हता.

तरी आवाज आला.

टक्.

तेव्हापासून रोज दुपारी हेच. भाचीने फोनवर रेकॉर्ड करून पाहिलं. त्यातही तो आवाज आला. रोज थोडा दबका होत चाललेला.

परवा न राहवून तिने विचारलं, "मावशी, पुरते मऊ झाले की मग काय?"

"मग काय! घालेल आणि जाईल नाचायला."

बोलता बोलता मावशीचा हात हवेतच थांबला.

हल्ली ती दिवसातून एकदाच आपटते. तेही हलक्या हाताने, नाइलाज झाल्यासारखं.

काल भाची तिला खेटून बसली होती. हात खाली आला...

काहीच ऐकू आलं नाही.

मावशीने घाईघाईने दोन्ही हात शालीखाली लपवले, आणि दाराकडे पाहिलं.