बाजरीची पिशवी

"आई, दे इकडं त्याला. हात थरथरायलेत तुझे," असं म्हणत परमेश्वरनं आपलं तान्हं लेकरू सत्यभामाबाईच्या मांडीवरून उचलून नेलं... आणि तिची ओंजळ तशीच उघडी राहिली.

लेकाला तरी दोष कसा द्यायचा? जन्मभर तिनं उसाच्या मोळ्या डोक्यावर वाहिल्या, फळीवरून ट्रकात चढवल्या. हाच परमेश्वर तेव्हा फडाच्या कडेला लुगड्याच्या झोळीत रडत असायचा, आणि तिचे हात उसात गुंतलेले असायचे. म्हणूनच कर्ता होताच त्यानं घरात बजावलं, की आता आईनं काडीही उचलायची नाही. आधी कळशी गेली, मग पाटी गेली. बाजेवर बसून बसून तिची झोप उडाली, पाय लटपटू लागले, अंतःकरण उदास झालं.

हे सगळं सून मंजुषा बघत होती. नवरा मांजरसुंब्याला ढाब्यावर कामाला गेला, की ती बाजरीची एक लहानशी पिशवी सासूच्या हाती द्यायची.

"उचला आत्याबाई. दवाखान्यातल्या मॅडम म्हनल्या, वजन उचलायचं सोडलं की हाडं ठिसूळ व्हत्यात, झोप जाती, मन बी खचतंय. हळूहळू, पर रोज उचला."

"त्याला कळलं तर?"

"कळू द्या. भावकी ऊसतोडीवरनं आली की बारसं हाय. तुमच्या नातवाला तुमीच घ्यायचं."

हिवाळ्याच्या त्या दुपारी... लिंबाची सावली अंगणभर हलायची. सत्यभामाबाई डोळे मिटून पिशवी छातीशी धरायची, बाजेवर बसायची, पुन्हा उठायची, आणि पिशवी जणू उबदार व्हायची. मग जणू झोळीतला तो तान्हा परमेश्वरच तिच्या खांद्यावर मान टाकून निजायचा. हळूहळू तिला भूक लागू लागली, गाढ झोप येऊ लागली, ती ओव्या गुणगुणू लागली. लेकरू बाळसं धरेल तशी मंजुषा गुपचूप पिशवीत मूठभर बाजरी वाढवत होती, हे मात्र सासूच्या गावीही नव्हतं.

बारशाला पाळणा सजला. लेकराला पाळण्याखालून एकीनं द्यायचं, दुसरीनं घ्यायचं.

"आईच्या जागी भावकीतल्या तुळजाकाकू उभ्या राहू द्या," परमेश्वर म्हणाला.

"न्हाई," मंजुषा भावकीदेखत पहिल्यांदाच नवऱ्याला म्हणाली. "आत्याबाईच घेत्याल."

सत्यभामाबाई वाकली. ते गुटगुटीत लेकरू तिनं पाळण्याखालून अलगद घेतलं आणि सरळ उभी राहिली. हात जराही हलले नाहीत. विधी संपला तरी तिनं त्याला खाली ठेवलं नाही.

"आई, मला वाटलं तुला इसावा..." परमेश्वर पुढं येत म्हणाला.

"तुला असं कवाच धरता आलं न्हाई रे, बाळा. हात मोकळे झाले, तर तू तेबी बांधून ठिवले."

परमेश्वरनं सगळ्यांसमोर तिच्या खांद्यावर डोकं टेकलं. एका हातात नातू, दुसरा हात लेकाच्या केसांत... कितीतरी वेळ ती तशीच उभी होती.

संध्याकाळी त्यानं माळ्यावरची कळशी काढली, घासली आणि आईच्या हाताशी आणून ठेवली.

"पर अर्धीच भर, बरं का."

सत्यभामाबाईनं ती काठोकाठ भरली.